स्वभावाला औषध कशाला?



‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण दिवसातून एकदा तरी कुणाबद्दल तरी म्हणतो. कधी सासूबाईंबद्दल, कधी नवऱ्याबद्दल, कधी गटातल्या एखाद्या सभासदाबद्दल. आणि कधी कधी स्वतःबद्दलसुद्धा. “माझा स्वभावच असा, काय करू?” असं म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण स्वभाव म्हणजे काही ताप-खोकला नाही, मग त्याला औषध लागेलच कशाला? आपला स्वभाव कसा आहे हे नीट कळलं, तर घरातली आणि गटातली कितीतरी कामं सोपी होतात आणि कामातला आनंदही वाढतो. या वेळच्या लेखात त्याबद्दलच बोलूया.

गटांना भेटी देताना एक गोष्ट सारखी दिसते. गट दर वेळी पैशामुळेच मोडकळीला येतो असं नाही. बरेचदा काम चुकीच्या हातात गेलेलं असतं. ज्या ताईंचा हिशोब एक रुपयाने चुकत नाही, त्यांना प्रदर्शनाच्या स्टॉलवर उभं केलेलं असतं. त्यांना गिऱ्हाईकाला हाक मारायला लाज वाटते, मग माल तसाच परत येतो. आणि ज्या ताईंना बोलल्याशिवाय चैन पडत नाही, त्या कोपऱ्यात एकट्या बसून पाकिटं चिकटवत असतात. महिनाभरात दोघीही वैतागतात. पहिल्या ताईंना ऐकावं लागतं, “हिला काही जमत नाही.” दुसऱ्या ताईंना ऐकावं लागतं, “हिचं कामात लक्ष नाही.” खरं तर दोघीही कामसू आहेत, फक्त कामाची अदलाबदल व्हायला हवी होती.

स्वभाव म्हणजे नेमकं काय?

रोजच्या जगण्यात आपण साधारण ज्या पद्धतीने विचार करतो, बोलतो आणि वागतो, तो आपला स्वभाव. एक दिवस चिडचिड झाली म्हणजे आपण तापट ठरत नाही. तो त्या दिवसाचा मूड असतो. पहाटे लवकर उठणं ही सवय आहे, ती लावली तर लागते. स्वभाव मात्र माहेरी, सासरी, शेतात, बैठकीत असा सगळीकडे आणि बरीच वर्षं आपल्याबरोबर असतो.

काही जणी विचारतात, “स्वभाव राशीवरून कळतो ना?” तुमच्याच गावात एका राशीच्या किती बाया आहेत ते आठवून बघा. सगळ्या सारख्या वागतात का? एकाच आईच्या पोटची दोन लेकरंसुद्धा सारखी नसतात. स्वभावाचा काही भाग आपण जन्मतः घेऊन येतो आणि काही भाग वाढताना, अनुभवातून घडतो. जुळ्या भावंडांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी असं सांगितलंय की, माणसामाणसांच्या स्वभावात जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा जन्मतः आलेला असतो. म्हणजे सगळंच आपल्या हातात नाही, पण सगळंच ठरलेलंही नाही. वय वाढतं तसा स्वभावही हळूहळू बदलतो. बहुतेक माणसं वयाबरोबर जास्त जबाबदार आणि थोडी शांत होत जातात, असंही अभ्यासात दिसलं आहे.

स्वभावाच्या पाच बाजू

मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला मानसशास्त्र म्हणतात. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचा बरीच वर्षं अभ्यास करून या शास्त्राने स्वभावाच्या पाच मुख्य बाजू सांगितल्या आहेत. आपण त्या आपल्या भाषेत समजून घेऊ. तराजूची दोन पारडी डोळ्यांसमोर आणा. कुणाचं एक पारडं खाली असतं, कुणाचं दुसरं, आणि बहुतेक जणी कुठेतरी मध्ये असतात. यात पहिला-दुसरा नंबर नाही, पास-नापास तर नाहीच.

१. माणसांत रमणारी की एकटीने निवांत होणारी?

लग्नघरात दिवसभर राबून आल्यावर एक ताई म्हणते, “अजून दोन दिवस राहिले असते.” दुसरी म्हणते, “कधी एकदा घरी जाऊन गप्प बसते असं झालंय.” कार्ल युंग नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञांनी १९२१ साली या दोन तऱ्हांवर मोठं पुस्तक लिहिलं. बहिर्मुख आणि अंतर्मुख हे शब्द जगभर गेले ते त्यांच्यामुळे. बहिर्मुख ताईला माणसांतून ताकद मिळते, अंतर्मुख ताईला थोड्या एकांतातून. अशा कमी बोलणाऱ्या बाईला आपल्याकडे लगेच ‘घुमी’ नाही तर ‘गर्विष्ठ’ ठरवतात. ती गर्विष्ठ नसते, तिला मोजकं बोलायला आवडतं एवढंच.

विक्री, घरभेटी, नवीन गट जोडणं, अधिकाऱ्यांशी बोलणं अशी कामं पहिलीला मानवतात. शिलाई, प्रतवारी, दफ्तर लिहिणं, शेळ्यांची निगा अशी कामं दुसरी मन लावून करते.

२. नेटकी की मोकळीढाकळी?

काहींच्या घरी प्रत्येक डबा जागेवर असतो आणि बचतीचे पैसे आदल्या दिवशीच रुमालात बांधून ठेवलेले असतात. काहींच्या घरी पसारा असतो, पण ऐनवेळी दहा पाहुणे आले तरी त्या डगमगत नाहीत. कॅशबुक, मालाचा साठा आणि परतफेडीच्या तारखा नेटक्या बाईकडे द्या आणि निश्चिंत व्हा. ठरलेलं काम अचानक फिसकटलं, तर मोकळ्या स्वभावाची बाई वाट काढते.

नेटक्या ताईंनी एक सांभाळायचं. “दुसऱ्याने केलेलं मला पटत नाही” म्हणत सगळं काम स्वतःच्या अंगावर ओढून घ्यायचं नाही. मोकळ्या ताईंनी तारीख लक्षात ठेवायला काहीतरी आधार धरायचा, मग ती कॅलेंडरवरची खूण असो की मोबाईलचा गजर.

३. मऊ की रोखठोक?

मऊ मनाच्या बाईला ‘नाही’ म्हणता येत नाही. ती सगळ्यांचं ऐकून घेते, भांडण मिटवते, आजारी सभासदाच्या घरी पहिल्यांदा तीच जाते. गटाला अशी बाई हवीच. पण या स्वभावाचा फटकाही मोठा असतो. “ताई, तुमच्या नावावर कर्ज काढून द्या ना, हप्ता मी भरते” असं शेजारीण म्हणते आणि ही हो म्हणून बसते. पुढे हप्ता थकतो आणि पासबुकावर नाव हिचं असतं. मऊ ताईंनी एक वाक्य पाठच करून ठेवावं: “गटात विचारून सांगते.” नाही म्हणायचं धैर्य एकटीला होत नसेल, तर गटाला पुढे करा. गट त्यासाठीही असतो.

रोखठोक बाई वसुलीला, भाव ठरवायला आणि व्यापाऱ्याशी बोलायला चांगली. तिने फक्त एवढं बघायचं की बोलणं कामावर असावं, माणसावर नको. “हप्ता दोन महिने राहिलाय, कधी भरता?” हे कामावरचं बोलणं झालं. “तुमची दानतच नाही” हे माणसावरचं झालं. पहिल्याने हप्ता येतो, दुसऱ्याने सभासद जाते.

४. नव्याची ओढ की जुन्याचा भरवसा?

काही जणींना नवीन काही ऐकलं की करून बघावंसं वाटतं. अळिंबी असो, गांडूळखत असो, मोबाईलवरून पैसे घेणं असो, त्या पहिल्या रांगेत असतात. काही जणींना ओळखीचं, हातात बसलेलं काम बरं वाटतं. पहिलीमुळे गट पुढे जातो आणि दुसरीमुळे तो खड्ड्यात पडत नाही.

राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे त्यांचं गाव. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. आजूबाजूचे सगळे संकरित बियाण्याकडे वळत होते, तेव्हा त्या गावरान बियाणं गोळा करत, जपत आणि वाटत राहिल्या. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणू लागले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जुनं जपण्याची आवड आणि त्यातलं बारीकसारीक शिकत राहण्याची हौस, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामात एकत्र दिसतात.

५. लवकर काळजी लागणारी की शांत राहणारी?

पोरगं शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की एकीच्या पोटात गोळा येतो. दुसरी म्हणते, “येईल की, खेळत असेल.” काळजी करणाऱ्या बाईला लोक हसतात, पण शेळ्यांच्या लसीची तारीख, पिकविम्याची मुदत, पावसाआधी वाळवण उचलणं हे तिच्याच लक्षात राहतं. मात्र काळजीने झोप उडत असेल, तर ती मनात फिरवत बसू नका. कागदावर तीन रांगा करा: काय होईल असं वाटतं, त्यावर मी काय करू शकते, कुणाची मदत घेऊ शकते. लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या मैत्रिणीजवळ याच क्रमाने बोला. काळजी संपत नाही, पण तिला वाट मिळते.

आधी हे तपासा: हा स्वभाव आहे की धाक?

या लेखातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

“ती पहिल्यापासून गरीब स्वभावाची आहे, तिला काही लागत नाही.” “सगळं सोसते बिचारी, स्वभावच तिचा.” अशी वाक्यं आपण कौतुकाने बोलतो. पण जी बाई पाणवठ्यावर मैत्रिणींमध्ये खळखळून हसते आणि घरी पाऊल ठेवताच गप्प होते, तिचं ते गप्प होणं स्वभाव नाही, तो धाक आहे. जी बाई गटात सल्ला देते पण ग्रामसभेत तोंड उघडत नाही, तिला बहुतेक तिथे बोलायची संधीच कुणी दिलेली नसते.

हे ओळखायला दोन प्रश्न स्वतःला विचारा.

पहिला: बारा-तेरा वर्षांची असताना, माहेरी, मी कशी होते? झाडावर चढणारी, नकला करणारी, शाळेत पुढे बसणारी होते का? ती मुलगी आज कुठे गेली?

दुसरा: कुणी रागावणार नाही, कुणी नावं ठेवणार नाही असं नक्की माहीत असेल, तर मी आज काय वेगळं करीन?

उत्तर आलं, “आहे तेच करीन,” तर तो तुमचा स्वभाव. पण मनात एकदम काहीतरी वेगळं उभं राहिलं, तर ते जपून ठेवा आणि गटात बोला.

मारहाण, शिवीगाळ, उपाशी ठेवणं, कमाई काढून घेणं हे सोसणं कुणाचाच स्वभाव नसतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आपल्याला संरक्षण दिलं आहे. महिला हेल्पलाईनचा नंबर १८१ आहे आणि तातडीची मदत हवी असेल तर ११२. हे दोन्ही नंबर गटाच्या दफ्तराच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि हेही: स्वभाव आहे की आजार?

“पूर्वी कशी भराभर कामं करायची, आता आळशी झाली.” असं कुणाबद्दल बोलण्याआधी तिचं रक्त तपासलं आहे का ते विचारा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजतात. रक्त कमी असलं की दम लागतो, चिडचिड होते, कशात मन लागत नाही. याला आपण ‘कंटाळखोर स्वभाव’ म्हणतो आणि ती बाईसुद्धा स्वतःला तसंच समजू लागते. आशाताईंना विचारा, उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. थायरॉईडच्या त्रासात आणि पाळी जाण्याच्या वयातही असंच वाटू शकतं.

मनाचंही तसंच. दोन आठवड्यांहून जास्त दिवस सारखं उदास वाटतंय, झोप आणि भूक गेली आहे, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, जगणं नको वाटतंय, तर हा स्वभाव नाही, आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. गटातली एखादी अशा अवस्थेत दिसली, तर तिला एकटी सोडू नका. शेजारी बसा आणि फोन लावून द्या.

सात दिवस, दोन रंगांच्या टिकल्या

आता स्वतःची ओळख करून घ्यायची सोपी रीत सांगते. त्यासाठी घरातलं कॅलेंडर आणि दोन रंगांच्या टिकल्या पुरतात.

रोज रात्री झोपण्याआधी दिवसभराची कामं आठवायची. कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळलं नाही? त्या तारखेच्या चौकोनात एक लाल टिकली लावा आणि शेजारी त्या कामाचं बारीकसं चित्र काढा: सुई, शेळी, वही, चूल, काहीही. कोणतं काम करताना जीव जड झाला? त्याची काळी टिकली आणि चित्र. लिहिता येत असेल तर दोन शब्द लिहा, नाहीतर लेकरांकडून लिहून घ्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. थकवा दोन तऱ्हेचा असतो. दिवसभर कापूस वेचून पाठ दुखते, तो अंगाचा थकवा. रात्री झोप झाली की तो जातो. पण एखादं काम हलकं असूनही ते सुरू करायच्या विचारानेच नको वाटतं, तो मनाचा थकवा. काळी टिकली या दुसऱ्या थकव्यासाठी आहे.

आठव्या दिवशी कॅलेंडरसमोर उभं राहून बघा. लाल टिकल्या कुठे जास्त आहेत? माणसांसोबतच्या कामात, हाताच्या कामात, हिशोबात, जनावरांत की नवीन काही शिकण्यात? तुमच्या स्वभावाचा कल तिथेच दिसेल.

कामात आनंद कशाने येतो?

पैसा लागतोच. चूल पेटायला हवी, फी भरायला हवी, त्यात दुमत नाही. पण सारखीच कमाई असलेल्या दोन बाया बघा. एक समाधानी असते आणि दुसरी कुढत असते. असं का होतं? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं याचा अभ्यास केला. त्यांचं सांगणं असं की, माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते.

पहिली, माझ्या शब्दाला किंमत आहे. काय करायचं, कधी करायचं, आलेले पैसे कुठे वापरायचे यात माझं म्हणणं धरलं जातं. एखादी ताई महिनाभर शिलाई मशीन चालवते, पण मशीनचे पैसे परस्पर दुसऱ्याच्या हातात जातात. मग काम आवडीचं असूनही ते ओझं होतं. स्वतःला विचारा: मी कमावलेल्या पैशांतले शंभर रुपये कुणाला न विचारता मी खर्च करू शकते का?

दुसरी, मला हे जमतंय. काम फार अवघड असलं की भीती वाटते, फार सोपं असलं की कंटाळा येतो. जेमतेम जमेल आणि थोडं शिकावं लागेल असं काम सगळ्यात जास्त गोडी लावतं. म्हणून नवीन सचिवाच्या हातात एकदम सगळी रजिस्टरं देऊ नका. पहिल्या महिन्यात फक्त हजेरी, मग बचत, मग कर्जाचा तक्ता.

तिसरी, इथे माझी माणसं आहेत. मी नाही आले तर कुणीतरी विचारतं, “आज का आली नाहीस?” आपल्या साप्ताहिक बैठकीची खरी ताकद हीच आहे. बचत तर पोस्टातही करता येते.

तुमच्या कामात यातल्या किती गोष्टी आहेत ते बोटावर मोजा. एक जरी कमी असेल, तरी काय बदलायला हवं ते नेमकं कळतं.

गटात कामाची वाटणी कशी करायची?

लिज्जत पापड आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज ते काम हजारो बहिणींपर्यंत पोचलं आहे. त्यांच्या कामाची रीत आपल्या गटांनी बघण्यासारखी आहे. पीठ शाखेत मळतात. बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि वाळलेले पापड शाखेत आणून देतात. पण प्रत्येकीला लाटणं जमलंच पाहिजे असं नाही. जिला ते जमत नाही, तिला पीठ तयार करणं, पॅकिंग, मालाची तपासणी अशी दुसरी कामं मिळतात. लाटता येत नाही म्हणून कुणी घरी बसत नाही.

आपल्या दहा जणींच्या उद्योगातही हे करता येतं. मसाल्याचा उद्योग घ्या. मिरची निवडणं, कांडप मशीन चालवणं, वजन आणि पॅकिंग, हिशोब, दुकानदारांकडे जाणं, प्रदर्शनात बसणं, उधारी वसूल करणं, अशी सात कामं निघतात. पुढच्या बैठकीत असं करून बघा:

१. उद्योगातली सगळी कामं एकेका चिठ्ठीवर लिहा किंवा त्यांची चित्रं काढा आणि सतरंजीवर मांडा.

२. प्रत्येकीने आपल्या लाल टिकलीच्या जवळचं काम उचलायचं. एकाच चिठ्ठीवर दोघींचा हात पडला तर दोघींनी आळीपाळीने करायचं.

३. उरलेली, कुणालाच न आवडणारी कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची. भांडी धुण्याची आणि शेड झाडण्याची पाळी अध्यक्षांनाही असते.

४. ही वाटणी तीन महिन्यांसाठी ठेवा आणि तसं इतिवृत्तात लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा बोला.

इथे एक इशारा देते. स्वभावाच्या नावाखाली कुणाला मागे ठेवू नका. “ती अबोल आहे, तिला अध्यक्ष कशाला?” हे चुकीचं आहे. अबोल बाई चांगली अध्यक्ष होऊ शकते, कारण ती आधी सगळ्यांचं ऐकून घेते. आणि काही गोष्टी स्वभाव कसाही असला तरी प्रत्येकीला आल्याच पाहिजेत: बँकेची स्लिप भरणं, आपल्या कर्जाची बाकी सांगता येणं, पासबुक समजणं. “मला हिशोबातलं कळत नाही, ताई बघतात” असं दहा जणी म्हणू लागल्या की गट एकीच्या हातात जातो. मग पुढे संशय आणि भांडण ठरलेलं. पदाधिकारी ठराविक काळाने बदलायचे ते यासाठीच.

आवडीचं काम मिळालंच नाही तर?

खरं सांगायचं, तर आपल्यापैकी बहुतेक जणींना काम निवडायची मुभा नाही. निंदणीला जावं लागतं, धुणीभांडी करावी लागतात. लेख वाचून उद्या काम बदलेल, असं मी म्हणणार नाही. पण कामातला थोडासा भाग बदलता येतो. एकटीने जड वाटणारं काम मैत्रिणीच्या सोबतीने करता येतं. ज्यांना शांतता हवी असते, त्यांना दिवसातली पंधरा मिनिटं स्वतःसाठी मागता येतात. आवडीची गोष्ट आठवड्यातून दोनदा अर्धा तास करता येते, मग ते भजन असो, गोधडी असो की परसबाग. अर्ध्या तासाने गरिबी जात नाही, पण ‘मी’ म्हणून कुणीतरी आहे, हे जिवंत राहतं.

घरातल्या लेकरांनाही याच नजरेने बघा. “ताईसारखी हो, शेजारच्या पोरासारखा हो” हे म्हणणं कमी करा. कमी बोलणाऱ्या मुलीला “सासरी कसं होणार हिचं” असं सारखं ऐकवू नका. ती कशात रमते ते बघा आणि तिच्या शिक्षणाचा विचार करताना ते लक्षात घ्या.

पुढच्या बैठकीत बोलायचे प्रश्न

हा लेख एकीने मोठ्याने वाचावा आणि मग गोल बसून प्रत्येकीने उत्तर द्यावं. कुणाला बोलायचं नसेल तर आग्रह नको.

• या आठवड्यात तुमच्या लाल टिकल्या कुठल्या कामावर पडल्या?
• शेजारी बसलेल्या ताईंचा एक गुण सांगा, जो गटाच्या कामी येतो.
• आपल्या गटात कुणाचं काम बदलायला हवं असं वाटतं? ते त्या ताईंना आधी विचारलं आहे का?
• अशी एक गोष्ट सांगा जी लोक तुमचा स्वभाव म्हणतात, पण तुम्हाला तसं वाटत नाही.

शेवटच्या प्रश्नाला जे बोललं जाईल ते गटाबाहेर जाऊ देऊ नका. उत्तर देताना एखादीच्या डोळ्यांत पाणी आलं तर बैठक थांबवा, तिला पाणी द्या, वेळ द्या. त्या दिवशी हप्त्याचा हिशोब अर्धा तास उशिरा झाला तरी चालेल.

आठवडाभराने कॅलेंडर कसं दिसलं आणि कामाची वाटणी कशी झाली, ते तुमच्या सीआरपी ताईंकडे कळवा. मी गावभेटीला येईन तेव्हा टिकल्या लावलेलं कॅलेंडर बघायला मागणारच आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक